लॉनऐवजी कमी पाण्याची बाग

मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सोसायटी, फोंडा

विषय: प्रवेशद्वाराजवळच्या मोकळ्या जागेत लॉन करण्याचा प्रस्ताव

सप्रेम नमस्कार.

या 200 चौरस मीटर जागेवर लॉन आणि फवारे बसवायचा प्रस्ताव पुढच्या बैठकीत येतोय. मंजुरीआधी पाण्याचा हिशेब पाहावा. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे रोज साधारण 5 लिटर लागतात, म्हणजे दिवसाला 1000 लिटर. वाऱ्यावर उडून जाते ते वेगळेच. त्याच जागेत 60 झुडपे ठिबकवर लावली, तर झुडपामागे 8 लिटर दिवसाआड, म्हणजे रोजचे सरासरी 240 लिटर. गोव्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो खरा, पण बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. आणि आपली जांभ्याची माती तो धरून ठेवत नाही.

खड्डे मेमध्येच खणून ठेवावेत, दीड फूट लांब, रुंद आणि खोल. तळाशी नारळाच्या सोडणांचा एक थर द्यावा, पोकळ बाजू वर करून, म्हणजे त्या वाट्यांत ओल टिकते. त्यावर दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. रोपे जूनमध्ये, पाऊस स्थिरावल्यावर लावावीत. चार महिने मुळे फुकटच्या पाण्यावर खोल उतरतात. डिसेंबरात लावलेले रोप पहिला उन्हाळा नळाच्याच भरवशावर काढते.

उन्हात पिटकुळी (इक्झोरा) आणि तगर, थोडी सावली आणि नियमित ओल मिळेल तिथे अबोली. कुंपणभिंतीलगत मात्र बांधकामाचा चुरा पुरलेला आहे. तिथे पिटकुळी लावायची तर दीड फुटापर्यंतची माती बदलावी लागेल. सिमेंटमुळे मातीतील आम्लता जाते, झाडाला लोह मिळत नाही, पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग माणसे खतावर खत घालत बसतात.

ठिबकला पंप नको. गच्चीवरची टाकी जमिनीपासून 13 मीटर वर आहे, तेवढ्यानेच चौरस सेंटीमीटरला 1.3 किलोचा दाब मिळतो. 16 मिलिमीटरची नळी, प्रत्येक झुडपाला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर (थेंब सोडणाऱ्या तोट्या), खोडापासून वीतभर दूर, तासभर चालू. तीस-तीस झुडपांना वेगळा व्हॉल्व्ह ठेवावा, म्हणजे एका वेळी 240 लिटरच वाहतील. सुरुवातीला 120 मेशचा, म्हणजे इंचाला 120 छिद्रांच्या जाळीचा फिल्टर हवाच. बोअरच्या पाण्यात लोह असले तर हवा लागताच ते तांबूस गाळ होऊन बसते आणि ड्रिपर बुजतात. फिल्टर दर आठवड्याला धुवावा, महिन्यातून एकदा नळीचे टोक उघडून पाणी जोरात सोडावे. बसवणारा ते टोक कायमचे बंद करून गेला, तर गाळ निघणार कुठून? कंत्राटात उघडता येणारी टोपी लिहून घ्यावी.

आंबा-फणसाची वाळलेली पाने जाळण्याऐवजी आळ्यांत तीन इंच पसरावीत, खोडाभोवती चार बोटे जागा सोडून. टेकली की वाळवी लागते, साल कुजते. पावसाळ्यात व्हॉल्व्ह बंद ठेवून आळ्याची उताराकडची कड फोडावी, नाहीतर अबोलीची मुळे पाण्यात बसतील. कुंड्यांखाली थाळ्या मुळीच नकोत, डासांची पैदास तिथेच होते.

गवत हवेच असेल तर मुलांच्या खेळण्याच्या कोपऱ्यात 30 चौरस मीटर ठेवावे. त्याला दिवसाला 150 लिटर पुरतील.

आपले,
इमारत ब मधील रहिवासी