हत्ती घारापुरीचा, घंटा मेणवलीची

माहीम, फेब्रुवारी

प्रिय सुमे,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आत्ता कुठे कागद ओढलाय. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. शेवटी तुझ्याकडे एक काम आहे, म्हणून आधीच गोड बोलून घेते.

आमच्या संस्थेत पोर्तुगालहून एक बाई आल्या आहेत, स्वयंसेवक म्हणून, तीन महिन्यांसाठी. राहायला आमच्याच मागच्या खोलीत. तुला माझं मत माहीत आहे. पंधरा दिवस पोरांना ‘ए फॉर ॲपल’ शिकवायचं, कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि जायचं, असले स्वयंसेवक मी बरेच पाहिलेत. ह्या बाई तशा नाहीत. आयुष्यभर एका ग्रंथालयात पुस्तकं बांधण्याचं काम केलं, आता निवृत्त. आल्या दिवशी आपल्या वाचनालयातली फाटकी पुस्तकं पाहिली आणि दाभण, जाड दोरा, मैदा एवढंच मागितलं. मैदा कशाला, तर खळ करायला! आता वस्तीतल्या चार मुली त्यांच्याबरोबर बसून पुस्तकं शिवतात. सासूबाई त्यांना ‘लिस्बनबाई’ म्हणतात, त्या सासूबाईंना ‘आजी’. एक मराठीत बोलते, दुसरी पोर्तुगीजमध्ये, आणि दोघींचं छान चाललेलं असतं.

ह्यात शब्दांचाही हात आहे बरं का. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, ‘‘साबण संपलाय गं.’’ बाई वळून बघायला लागल्या. मग चावी, बटाटा, काजू, पाव, पगार, घमेलं... रोज एक शब्द ओळखीचा निघतो. सासूबाईंना वाटलं होतं की बाई आपल्याकडे येऊन मराठी शिकल्या. हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आले, हा खरा प्रकार कळल्यावर म्हणाल्या, ‘‘म्हणजे वडापावात आपला फक्त वडा?’’ मी म्हटलं, ‘‘आई, वड्यातला बटाटाही त्यांचाच.’’ त्या दिवशी त्यांनी वडे केलेच नाहीत.

तर, सुट्टी. वाचनालय रविवारी चालू, म्हणून आम्हाला सुट्टी सोमवारी. आठवड्यातून एक दिवस, त्यात कपडे धुणं, घरी फोन आणि मुंबई बघणं. मी आपली यादी केली होती: गेटवे, राणीचा हार, हँगिंग गार्डन, तीच आपण सहलीला केलेली. पहिल्या सोमवारी घारापुरी ठरवली. गेटवेला पोचलो तर तिकीटवाला म्हणतो, ‘‘मॅडम, सोमवारी लेणी बंद.’’ चाळीस वर्षं मुंबईत काढली आणि मला हे माहीत नाही! बाई काही बोलल्या नाहीत, पण माझी मान खाली.

आता दिवस फुकट घालवायचा नाही म्हणून भायखळ्याला राणीच्या बागेत नेलं. आणि नशीब बघ, तिथे भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर दगडी हत्ती उभा आहे ना, तोच घारापुरीचा हत्ती! त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. इंग्रजांनी 1864 मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले आणि 1914 मध्ये जोडून उभे केले. आपण शाळेत असताना त्याच्यापाशी बसून डबा खाल्लाय, आठवतं? कुणी सांगितलं नव्हतं. बाई मात्र वीस मिनिटं त्याच्या पोटाखालचे सांधे न्याहाळत होत्या. म्हणाल्या, ‘‘जोडणाऱ्याने घाई केली नाही.’’ बांधणीवाल्या माणसाची नजर!

नंतर मी एक रविवार रजा टाकून घारापुरी दाखवली. लाँचने तासभर, मग पायऱ्या, माकडं, मक्याची कणसं, ते सगळं तुला माहीत आहे. तिकिटाच्या खिडकीवर मात्र अवघड झालं. मला 40 रुपये, त्यांना 600. इथे फुकट राबायला आलेल्या बाईला पंधरापट! मी पुटपुटत पैसे काढायला लागले तर त्यांनी हात धरला. ‘‘तू इथे कर भरतेस, मी कुठे भरते?’’ मला अजूनही पटलेलं नाही. आत गेल्यावर दुसरी अडचण. शेजारच्या घोळक्याचा गाईड तावातावाने सांगत होता, पोर्तुगीज सैनिकांनी ह्या मूर्तींवर नेम धरून गोळ्या झाडल्या. मी भाषांतर करायचं टाळलं. पण तो ते इंग्रजीतही बोलला. बाई त्रिमूर्तीसमोर खाली बसल्या, वीस फुटांची ती तीन मुखं, डावीकडचं उग्र, उजवीकडचं हातात कमळ घेतलेलं, मधलं डोळे मिटून. बऱ्याच वेळाने उठल्या आणि गाईडला पन्नासाची नोट दिली. का, ते विचारलं नाही.

त्यानंतर माझी यादी फाडून टाकली. म्हटलं, ह्यांच्या पोर्तुगीजांचाच धागा धरू. घराजवळचंच सेंट मायकल चर्च घे. बुधवारच्या नोव्हेनाला, म्हणजे त्या खास प्रार्थनेला, आपण लहानपणी गर्दीला कंटाळायचो. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात, नवसाचे. बाईंनी मेणाचा हात उचलला आणि हसल्याच. त्यांच्याकडे फातिमा नावाच्या तीर्थाच्या गावी असेच मिळतात म्हणे. एक घेतला, सासूबाईंच्या गुडघ्यासाठी पाय.

आणि मग वसई. सोमवारी सकाळी विराराकडे जाणारी गाडी रिकामी असते, खिडकी मिळाली, नायगावची खाडी ओलांडताना बाई गप्प. किल्ल्यात प्री-वेडिंगवाल्यांचा सुळसुळाट, झगे, छत्र्या, ड्रोन. त्यांना ओलांडून फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीतल्या कबरींपाशी गेलो. मी तिथे चार वेळा गेलेय, प्रत्येक वेळी त्या शिळांवरून चालत. ह्यावेळी बाईंनी चप्पल काढली, पदरासारखी ओढणी ओली करून अक्षरांवरची माती पुसली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. ही कबर अमक्याची, त्याच्या बायकोची आणि त्यांच्या वारसांची. ‘वारसांची’ म्हणजे पुढच्या पिढ्याही इथेच राहतील असा हिशेब! 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. मी शाळेत छाती फुगवून शिकलेला धडा, तिथे उभं राहून इंग्रजीत सांगताना आवाज जरा खाली आला, हे तुलाच सांगते. अभिमान गेला नाही हं. पण पायाशी नावं वाचणारी बाई बसलेली होती ना.

बाईंनीच विचारलं, ‘‘एवढी चर्चेस, घंटा कुठे गेल्या?’’ मग मी सांगितलं की मराठ्यांनी नेल्या, देवळांना वाहिल्या. नाशकात नारोशंकराच्या देवळातली, आणि एक तुझ्या दाराशी, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर. 1707 सालची, मेरी आणि बाळ येशू कोरलेली. झालं! तेव्हापासून रोज एकच, मेणवली.

तर काम हे. पुढच्या आठवड्यात त्यांना चार दिवस सुट्टी आहे, मी त्यांना वाईच्या एस.टी.त बसवून देते. तुझ्याकडे उतरतील. तिखट चालतं, दूध नको. त्यांना घंटेवर पातळ कागद ठेवून, पेन्सिल घासून तो आकडा आणि मेरी उतरवून घ्यायची आहे. तेवढं देवळातल्या गुरवांना आधी विचारून ठेव. आणि एकदा वाजवू देतील का, तेही विचार.

तुझीच,
माहीमकरीण