सौर वाहिनीला कपॅसिटरची जोड हवी

कार्बन उत्सर्जन रोखायला सरकारने पैसा घालावा का, या प्रश्नाचं उत्तर शेतातल्या मोटारीपाशी मिळतं. ५ एचपीची मोटार ८ तास चालली की सुमारे ३० युनिट वीज जाते. ती कोळशावर तयार झाली तर जवळपास तितकेच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत. म्हणून शेतीच्या मोटारींना दिवसा सौर वीज देणाऱ्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ला सरकारचं पाठबळ हवंच. दिवसा वीज मिळाली तर पाणी द्यायला रात्री साप-विंचवांतून जावं लागत नाही, हा फायदाही लहान नाही.

घोडं अडतं ते शेवटच्या तारेवर. अनेक मोटारींना ऑटोस्विच असतो. वीज येताच सगळ्या एकदम सुरू होतात, प्रत्येक मोटार त्या क्षणी पाच-सहा पट करंट ओढते आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळते. मोटारीला जोडून तारेवरचा करंट कमी करणारा कपॅसिटर नसेल तर टोकाच्या शेतात व्होल्टेज आणखी पडतं, वाइंडिंग (मोटारीतली तारेची गुंडाळी) तापून मोटार जळते. ५ एचपीला साधारण २ केव्हीएआरचा (हे कपॅसिटरच्या क्षमतेचं माप) कपॅसिटर पुरतो; जळालेली मोटार नव्या तारेने भरून घेण्याच्या खर्चापुढे तो किरकोळ. सरकारने योजनेच्या खर्चातच हा कपॅसिटर धरावा, आणि ऑटोस्विचच्या जागी मोटारी थोड्या थोड्या अंतराने सुरू करणारा टायमरही द्यावा.