जहाजाचे 'टन' म्हणजे वजनच असे नाही

महोदय,

बाल्टिमोरच्या पुलावर 26 मार्च 2024 रोजी 'डाली' हे कंटेनर जहाज आदळले, तेव्हा '95 हजार टन वजनाचे जहाज' असे अनेक ठिकाणी छापून आले. याच जहाजाची भारक्षमता 1 लाख 16 हजार टनांहून जास्त आहे. 95,128 हे त्याचे वजन नव्हेच. ते ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजाच्या बंदिस्त जागेवरून काढलेला आकडा. दीड टनाच्या एसीचे वजन कोणी दीड टन धरत नाही, इथे मात्र सर्रास धरले जाते.

हा आकडा 1969 च्या आंतरराष्ट्रीय करारातील सूत्राने निघतो. जहाजाचे सर्व बंदिस्त आकारमान घनमीटरमध्ये घ्यायचे आणि 0.2 ते 0.32 च्या आसपासच्या गुणकाने गुणायचे. जहाज मोठे तसा गुणकही वाढतो. 10 हजार घनमीटरला गुणक 0.28, म्हणून ग्रॉस टनेज 2,800. त्यापुढे 'टन' लिहिणेही खरे तर चूकच, कारण त्याला एककच नाही. बंदराचे बरेचसे शुल्क आणि सुरक्षेचे नियम याच आकड्यावर ठरतात.

डेडवेट म्हणजे माल, इंधन, पाणी, रसद, माणसे मिळून जहाज किती भार पेलते ते. 'सीवाइज जायंट' या अवाढव्य तेलवाहू जहाजाचे डेडवेट 5 लाख 64 हजार टन, पण ग्रॉस टनेज फक्त 2 लाख 61 हजारांच्या घरात. 'आयकॉन ऑफ द सीज' या क्रूझचे ग्रॉस टनेजही जवळपास तेवढेच, सुमारे 2 लाख 48 हजार; मात्र तिथे केबिन, थिएटर, जलतरण तलाव. भार वाहण्याच्या बाबतीत ते त्या टँकरच्या जवळपासही जात नाही. दोघांना 'अडीच लाख टनी' म्हटले की वाचकाला काय कळणार?

युद्धनौकांचा आकडा, म्हणजे डिस्प्लेसमेंट, मात्र खरोखर वजनाचा असतो. 'विक्रांत'चे सुमारे 43 हजार टन म्हणजे पूर्ण सज्ज असताना तिने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन, तेच तिचेही वजन.

अलंगला भंगारात निघालेल्या जहाजाचा भाव लागतो तो एलडीटीवर, म्हणजे रिकाम्या जहाजाच्या वजनावर. तिथे लाँग टन (1,016 किलो) की मेट्रिक टन, हे करारात पाहावेच लागते. 20 हजार टनांच्या जहाजात 320 टन पोलादाचा फरक पडतो.

निर्यातदारांची गफलत होते ती फ्रेट टनात. अर्धा कंटेनरही न भरणारा माल इतरांच्या मालासोबत पाठवताना 1,000 किलो किंवा 1 घनमीटर, यांत जे जास्त भरेल त्यावर भाडे लागते. 600 किलोचा पण अडीच घनमीटर जागा खाणारा हलका माल अडीच टनांचे भाडे देतो. बिल पाहून वजनकाट्याला दोष देण्यापेक्षा खोके लहान करावे.

बातमीत निदान जीटी (ग्रॉस टनेज), डेडवेट की डिस्प्लेसमेंट एवढे लिहावे. वृत्तसंस्थेच्या मूळ मजकुरात 'ग्रॉस' हा शब्द बहुधा असतो. भाषांतरात तोच आधी गळतो.

— एक वाचक, उरण