अर्ध्या टक्क्याचा हिशेब

प्रिय अविनाश,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, कारण खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा रागच आला होता. ‘रस्त्याखाली जंगलाचा अर्धा टक्काही जात नाही, मग तुम्ही लोक एवढा गदारोळ कशाला करता?’ टक्केवारी तू बरोबरच काढली असणार, हिशेबात तुझा हात कोण धरणार! पण दोर कापतानाही कात्रीखाली त्याचा केसभरच भाग येतो रे.

काल रात्री विष्ठेच्या नमुन्यांचे आलेख बघत बसले होते. (आमच्या वाट्याला जनावर क्वचितच येतं, त्याची विष्ठा येते.) डीएनएवरच्या प्रत्येक ठरावीक जागी एक प्रत आईकडची, एक बापाकडची. दोन्हींची लांबी वेगळी असली तर आलेखावर दोन सुळके उभे राहतात, सारखी असली तर एकच. एकसंध जंगलातले नमुने असले की पडदा सुळक्यांच्या जोड्यांनी भरून जातो. काल मात्र एकच सुळका, पुढच्या जागी पुन्हा एकच. विष्ठेतला डीएनए तुटका असतो, कधी एक प्रत सुटून जाते, म्हणून आम्ही नमुना पुन्हा पुन्हा तपासतो. तिसऱ्यांदाही तेच आलं. हे नमुने जंगलाच्या ज्या तुटलेल्या तुकड्यातले, तिथे जनावरं कमी नाहीत, कॅमेऱ्यात चांगली धट्टीकट्टी दिसतात. फक्त ती सगळी एकमेकांची नातलग आहेत.

तुला आकड्यांत सांगते. पिल्लाला आईबापांची अर्धी अर्धीच जनुकं मिळतात, उरलेली दुसऱ्या भावंडाकडे जातील की कायमची गळतील हा निव्वळ नशिबाचा खेळ. कळप मोठा असला तर गळती जाणवत नाही. खऱ्या अर्थाने प्रजननात असलेली जनावरं २५ असली, तर जनुकांच्या विविधतेतला ५०वा हिस्सा, म्हणजे २ टक्के, दर पिढीला जातो. दहा पिढ्यांत जवळजवळ १८ टक्के. २५० असली तर दर पिढीला फक्त ०.२ टक्के. आणि हे २५ म्हणजे शिरगणतीतले २५ नव्हेत. दोन-तीन दांडगे नरच बहुतेक पिल्लांचे बाप असतात, त्यामुळे जंगलात ऐंशी डोकी मोजली तरी हिशेबाला धरायची संख्या त्याहून खूप कमी भरते. तुझा रस्ता डोकी कमी करत नाही, बाहेरून येणारा नर थांबवतो. दर पिढीला एक-दोन परके आत आले तरी गळती बरीचशी भरून निघते, इतकं थोडं लागतं.

ते थोडंही न मिळाल्याने काय होतं, ते फ्लोरिडातल्या पँथरवर दिसलं. पँथर म्हणजे तिथला प्यूमा, मांजरकुळातलं एक मोठं जनावर. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मोठी जनावरं वीस-तीसच उरली होती. शेपटीच्या टोकाला बाक, पाठीवर केसांचा भोवरा, कुणाच्या हृदयाला छिद्र, कित्येक नरांचं वृषण खाली उतरलेलंच नाही. बाक आणि भोवरा निरुपद्रवी, पण तेच सगळ्यांत आधी डोळ्यांना दिसतात. १९९५ मध्ये टेक्सासमधून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाच व्यायल्या, तेवढ्यावर चित्र पालटलं. नव्या पिल्लांत ते दोष कमी झाले, संख्या शंभराच्या वर गेली. पूर्वी त्या दोन्ही टापूंतले प्यूमा सलग होते, म्हणजे चालत येणारी जनावरंच माणसांनी उचलून आणली.

पण एकदा आणून भागत नाही. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर १९९७ मध्ये गोठलेल्या सरोवरावरून एक लांडगा आला. त्याच्या येण्याने कळप सावरला आणि पुढे कळपभर त्याचंच रक्त झालं. बर्फाचा पूल वरचेवर बनेनासा झाला. २०१८ पर्यंत दोनच लांडगे उरले. ते बाप-लेक होते, आणि दोघांची आई एकच, म्हणून भाऊ-बहीणही. शेवटी नवे लांडगे बाहेरून आणावे लागले.

आणि ओडिशातल्या सिमिलीपालचे काळे वाघ! त्यांचे फोटो तूच मला हौसेने पाठवले होतेस. तिथले वाघ एकाकी पडले, आणि इतर जंगलांत मुक्त वाघांत न दिसलेला एक जनुकबदल तिथे चांगलाच पसरला. पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात, म्हणून वाघ काळा दिसतो. काळेपणाने वाघाचं काही बिघडत असेलच असं नाही, पण मला तो फोटो बघून कौतुक वाटत नाही, दार बंद असल्याची खूण दिसते. २०२४ मध्ये ताडोबातून दोन वाघिणी तिथे नेल्या. त्यातली झीनत बाहेर पडली ती झारखंडमार्गे थेट पश्चिम बंगालमध्ये! डिसेंबरच्या अखेरीस तिला पकडून परत आणली. वाघिणीला नकाशातल्या रेघा शिकवलेल्या नसतात, आणि खरं म्हणजे तिचं हे भटकणंच आपल्याला हवं असतं.

म्हणूनच तुझ्याकडे गाऱ्हाणं. पेंचमधून जाणारा महामार्ग ४४ उंच खांबांवर उचलून खाली जनावरांसाठी वाटा सोडल्या, त्यातली सर्वांत लांब ७५० मीटरची आहे. वाघ त्या वापरतात, कॅमेऱ्यांत आलेत. म्हणजे तुमच्या लोकांना हे जमतं. तुझ्या आराखड्यात मला रस्त्याच्या सबंध लांबीत फक्त पाण्याच्या मोऱ्या दिसल्या. त्यांतून मुंगूस जाईल, गवा जाणार नाही. उतार, नाले आणि जुन्या पायवाटा दाखवणारा मूळ नकाशा पाठव. ओढे जिथे रस्त्याला छेदतात त्या जागा मी खुणा करून परत पाठवते, मग खर्चावर खुशाल भांड.

तुझी,
मेधा