वाळपईच्या बाजारातल्या बायला, आमच्या मंडळाकडून

प्रिय बाय,

तुझं नाव लिहायचं नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून नुसतं बाय म्हणते. गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात संगणक दुरुस्तीला जाणाऱ्यांना तू कोण ते कळेलच. इतरांना नाही कळलं तरी चालेल. तू काय केलंस ते मात्र कळायला हवं, कारण अशी वेळ कुणावरही येते आणि त्या वेळी पहिल्यांदा कुणाच्या हाती यंत्र पडतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

आमच्या लॅपटॉपवर काय होतं ते वाचणाऱ्यांना आधी सांगते. गावच्या उत्सवात आजवर झालेल्या मराठी नाटकांच्या जुन्या वह्या, नटांनी स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या संवादांच्या नकला, पदांचे कागद, हे सगळं पान न् पान स्कॅन केलेलं. शिवाय रणमाल्याची, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची गाणी, पौषातल्या धालोंची, म्हणजे बायकांच्या नाचाची गाणी, जात्यावरच्या ओव्या. ही गावातल्या वयस्क बायकांच्या तोंडून ध्वनिमुद्रित केलेली. त्यातल्या काही जणी आज नाहीत. वह्यांतल्या काही वाळवीने खाल्ल्या, काहींची शाई आमच्या सत्तरी तालुक्यातल्या पावसात ओल धरून पसरली. म्हणजे बऱ्याच गोष्टींची शेवटची प्रत त्या एका लॅपटॉपमध्ये होती.

पावसाळा लागता लागता, विंडोजचं अपडेट बसत असताना गडगडाटात वीज गेली. बॅटरी जुनी, लॅपटॉप जागच्या जागी बंद. नंतर सुरू केला की दुरुस्तीचा पडदा यायचा, पुन्हा बंद व्हायचा, पुन्हा तोच पडदा. शेवटी निळ्या पडद्यावर तो ४८ अंकी रिकव्हरी की मागू लागला. एके ठिकाणी दाखवला तर उभ्या उभ्या उत्तर मिळालं: फॉरमॅट मारतो, नवीन विंडोज घालतो, संध्याकाळी घेऊन जा.

तू लॅपटॉपला हात लावायच्या आधी विचारलंस, "बाई, हें सगळें आनीक खंय आसा?" म्हणजे, हे सगळं आणखी कुठे आहे?

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात आहे, असं आम्ही सांगितलं. ते ऐकून तू गप्प बसली नाहीस. दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर ब्राउझर उघडून आमच्या खात्यात खरोखर काय आहे ते बघायला लावलंस. फोल्डरांची नावं होती, वह्यांची पानंही बरीचशी होती, पण ध्वनिमुद्रणं अर्ध्यावरच थांबलेली. मोफतची जागा संपली होती. जागा संपली की जुनं तसंच राहतं आणि नवीन वर जायचं थांबतं. लॅपटॉपवरचं फोल्डर मात्र भरलेलं दिसतं, त्यामुळे सगळं चढलं आहे असंच वाटत राहतं. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर मोफत जागा ५ जीबी. गूगलकडे १५ जीबी, पण ती ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून. लग्नाबारशाचे व्हिडिओ फोटोंत साठत गेले की तिकडे जीमेलवर पत्र येणंसुद्धा बंद होतं. हे तू सांगेपर्यंत आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझा अंदाज आहे की वाचणाऱ्यांतल्याही पुष्कळांना माहीत नसेल.

मग त्या ४८ अंकांकडे वळलीस. डिस्क बिघडलेली नाही, तिला कुलूप आहे, आणि फॉरमॅट मारणं म्हणजे किल्ली शोधायच्या आधी घरच पाडणं, इतकं सोपं करून तू सांगितलंस. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे हे कुलूप, आपोआप सुरू होतं आणि ती की त्याच खात्यात जपून ठेवली जाते. एरवी ती कधी विचारली जात नाही. सुरू होण्याच्या प्रक्रियेत काही बदललं, बिघडलं, की मागितली जाते. ती की नसेल तर जगातला कुठलाही कारागीर आतली माहिती वाचू शकत नाही. म्हणून तुझा दुसरा प्रश्न होता: हा लॅपटॉप पहिल्यांदा कुणाच्या खात्यातून चालू केला?

आमच्या मंडळातल्या एका मुलाने केला होता, आणि तो आता जहाजावर नोकरीला. त्याला नेटवर्क मिळेपर्यंत तू थांबलीस. त्या वेळात आणखी चार उपाय करून बघण्याचा मोह तुला झाला नाही, याचं मला फार मोल वाटतं. त्याचा फोन लागल्यावर पडद्यावरच्या 'की आयडी'ची, म्हणजे त्या कीच्या ओळखक्रमांकाची, पहिली आठ अक्षरं तू त्याला वाचून दाखवलीस, कारण एका खात्यात अनेक यंत्रांच्या की असू शकतात आणि जुळणारी तीच चालते. त्याने सहा-सहा अंकांचे आठ गट सांगितले, तू कागदावर लिहून घेतलेस, पुन्हा वाचून खात्री केलीस. कुलूप उघडलं.

तरीही तू दुरुस्तीला हात घातला नाहीस! आधी माहिती बाहेर काढलीस. विंडोज सुरू होत नसताना दुरुस्तीच्या पडद्यावरून कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून त्यात नोटपॅड चालू करता येतं, आणि नोटपॅडच्या 'ओपन' खिडकीतून फायली दिसतात, उचलून बाहेरच्या डिस्कवर टाकता येतात, हे मी तुझ्या खांद्याशी उभी राहून बघितलं. ध्वनिमुद्रणं एकेक करून दुसऱ्या डिस्कवर जात होती. मध्येच तू एक ओवी दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर लावून बघितलीस, नीट वाजते की नाही म्हणून. त्या आवाजाची बाई आज हयात नाही. तेव्हा माझ्याने काही बोलवलं नाही, म्हणून आता लिहिते.

दुरुस्ती त्यानंतर. अर्धवट बसलेलं अपडेट त्याच पडद्यावरच्या पर्यायातून काढलंस आणि लॅपटॉप सुरू झाला. पुढे विंडोजचीच दुरुस्तीची दोन साधनं, डीआयएसएम आणि मग एसएफसी, या क्रमाने. क्रम का, तेही समजावलंस: एसएफसी विंडोजच्या बिघडलेल्या फायली ओळखून त्यांच्या जागी चांगल्या प्रती बसवतं, आणि त्या प्रती ज्या साठ्यातून येतात तो साठा डीआयएसएम दुरुस्त करतं. साठाच खराब असेल तर एसएफसी एकटं काय करणार?

एवढं झाल्यावर क्लाउड साइन इन होईना. आम्ही पासवर्ड बदलायला निघालो होतो, तू बोट घड्याळाकडे दाखवलंस. तारीख कित्येक वर्षं मागची होती. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर गेली की जोडणी नाकारली जाते, मग पासवर्ड कितीही बरोबर असो. तारीख लावली, काम झालं.

तुझं काम इथे संपलं असतं तरी आम्ही ऋणीच राहिलो असतो. पण तू आम्हाला बसवून क्लाउड म्हणजे काय ते शिकवलंस, आणि मला तर दुरुस्तीपेक्षा हेच जास्त मोलाचं वाटतं. वनड्राइव्हमधल्या फायलीपाशी निळा ढग असेल तर ती फाइल लॅपटॉपवर नाही, फक्त वर आहे. हिरवी कडा आणि आत बरोबरची खूण असेल तर सध्या लॅपटॉपवरही आहे. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी खूण असेल तर ती कायम इथे ठेवायला सांगितलेली आहे. लॅपटॉपवरची जागा मोकळी करायची तर उजव्या क्लिकवर 'फ्री अप स्पेस' निवडायचं. डिलीट केलं तर फाइल क्लाउडवरूनही जाते आणि जोडलेल्या प्रत्येक यंत्रावरूनही. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात आणि गूगल ड्राइव्हवर ती कचरापेटीत ३० दिवस मिळते, पुढे नाही. म्हणजे सिंक, दोन्हीकडच्या फायली सारख्या ठेवणं, ही राखीव प्रत नव्हे. आमच्या खजिनदारांनी हे वाक्य मंडळाच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

लांबलचक नावांच्या फोल्डरांबद्दल सांगितलंस ते तर मी शिक्षिका असूनही कधी मनात आलं नव्हतं. विंडोजमध्ये अनेक प्रोग्रॅम फाइलीच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा पाळतात आणि वनड्राइव्हची मर्यादा ४०० ची आहे. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. 'क्षेत्रपाल' आपल्याला चार अक्षरी दिसतो, संगणक दहा मोजतो. उत्सवाचं नाव, नाटकाचं नाव, अंक, प्रवेश, नटाचं नाव असं फोल्डरात फोल्डर घालत गेलं की मराठी माणसाची मर्यादा इंग्रजीवाल्यापेक्षा लवकर संपते. आता आम्ही नावं आखूड ठेवतो आणि सविस्तर माहिती एका वेगळ्या तक्त्यात लिहितो.

मंडळाचा दुसरा, जुना संगणक विंडोज १० चा. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा आधार संपला. नवीन विकत घ्या असं सांगून तुला चार पैसे मिळाले असते. तू सांगितलंस की यंत्र बंद पडत नाही, सुरक्षेची नेहमीची अपडेटं थांबतात. तेव्हा इंटरनेट तोडून तो फक्त स्कॅनरला जोडून ठेवा. तो तसाच कामाला आहे.

आता आमच्याकडे ध्वनिमुद्रणांच्या दोन डिस्क आहेत, एक मंडळाच्या कपाटात, एक दुसऱ्या वाड्यावर, आणि क्लाउडची जागाही वाढवून घेतली आहे. रिकव्हरी की कागदावर लिहून कार्यवाहांच्या फाइलीत लावली आहे.

एक मागणं आहे. आसपासच्या गावांतल्या भजनी आणि नाट्यमंडळांकडेही असंच जुनं बरंच काही मोबाइलमध्ये आणि एकेका लॅपटॉपमध्ये पडून आहे. चतुर्थीची गडबड सुरू व्हायच्या आधी एखाद्या रविवारी देवळाच्या सभामंडपात येऊन त्यांना दोन तास हेच सांगशील का? प्रोजेक्टरची सोय आम्ही करतो, जेवण आमच्याकडे. त्यांनी आपापले लॅपटॉप घेऊन यावं असं कळवू की नको, तेही सांग. कुठला रविवार जमतो ते कळव, वाळपईला गाडी पाठवते.

तुझी,
मंडळाची कार्यवाह, आणि सगळी मंडळी