गच्चीवर रणगाडा आखणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तोंडी आभार मानले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांदेखत. तुम्ही आमच्या मुलांसाठी काय केलंत ते बडोद्यातल्या आणखी चार घरांना कळावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आमच्या दांडिया बाजारातल्या वाचनवर्गाची मुलं शाळेत गुजराती आणि इंग्रजी शिकतात, मराठी घरात बोलतात. विजय दिनाला त्यांना सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांच्याविषयी सांगायचं होतं. जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुण्याचा. खडकवासल्याची एनडीए, मग जून १९७१ मध्ये १७ हॉर्समध्ये, म्हणजे पूना हॉर्स या रणगाड्यांच्या रेजिमेंटमध्ये अधिकारी. १६ डिसेंबरला, भारत-पाकिस्तान युद्धात, शकरगडच्या आघाडीवर बसंतर नदीपलीकडे वीरमरण आणि मरणोत्तर परमवीर चक्र. वय एकवीस. एवढं मी जमवलं होतं. त्यापुढे वाचायला मिळत होती ती नुसती विशेषणं, आणि विशेषणांनी दहा वर्षांच्या मुलांना काही दिसत नाही.

तुम्ही आलात, खिशातून खडू काढलात आणि गच्चीवर सेंच्युरियन रणगाडा आखलात. फतेहगंजच्या ईएमई स्कूलमध्ये, म्हणजे सैन्याच्या तांत्रिक शाळेत, शिकलेला आणि पुढे कितीतरी वर्षं रणगाड्यांच्या पोटात शिरून काम केलेला माणूसच असा रणगाडा आखू शकतो. पुढे उजवीकडे चालक. वर बुरुजात उजव्या बाजूला तोफची, त्याच्या मागे कमांडर, डावीकडे गोळे भरणारा, वायरलेसही त्याच्याकडेच. चार मुलांना तुम्ही त्या चौकोनांत बसवलंत आणि हलायचं नाही म्हणून दटावलंत. पाचच मिनिटांत चौघं घामाघूम. मग म्हणालात, "आता इंजिनाचा आवाज धरा, तोफेचा धूर धरा, आणि मागे शेकडो लिटर पेट्रोल आहे हे लक्षात ठेवा." पोरं एकदम गप्प झाली. आग लागणं म्हणजे काय, ते वेगळं समजावावं लागलं नाही.

तुम्ही स्वतः त्या लढाईत नव्हता, हे तुम्ही सुरुवातीलाच सांगितलंत. त्यामुळे पुढच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला.

युद्ध सुरू झालं तेव्हा अरुण अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, तरुण अधिकाऱ्यांच्या कोर्सवर होते. कोर्स अर्धवट सोडून निघताना त्यांनी सामानात गोल्फच्या काठ्या घेतल्या होत्या, लाहोरला खेळायचं म्हणून! मुलं खूप हसली. तुम्ही त्यांना हसू दिलंत, ते मला फार आवडलं.

मग एका मुलीने विचारलं, "रणगाडा पेटला होता, वरिष्ठांचा बाहेर यायचा हुकूमही होता, तर ते उतरले का नाहीत?" या प्रश्नाला मी घाबरून होते. तुम्ही शौर्य हा शब्दही न उच्चारता खडूने उत्तर दिलंत. ही नदी. हे सुरुंगांचं शेत. सॅपर मंडळींचं, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअरांचं, सुरुंग काढण्याचं काम पुरतं झालेलं नसतानाच रात्री त्यातून रणगाडे पलीकडे घातले. हे जरपाल, इथे आपलं पायदळ. आणि समोरून येणारे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे. अडवायला आपले तीन. त्यातल्या एकावर गोळा बसला, एकाची तोफ बंद पडली. उरला अरुण यांचा 'फामागुस्ता'. तो मागे आला तर ही जागा मोकळी. त्यांनी वायरलेसवर कळवलं की माझी तोफ अजून चालते आहे. शेवटचा पॅटन त्यांनी टिपला तो जेमतेम शंभर मीटरवर. मग दुसरा गोळा बसला. ती मुलगी नुसतं "हो" म्हणाली. तिला पटलं होतं.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. डाव्या चौकोनात बसलेल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही सांगितलंत की इथे सवार नंद सिंग होते, तेही त्याच दिवशी गेले. चालक प्रयाग सिंग, तोफची नत्थू सिंग. ही नावं तुम्ही मुलांकडून मोठ्याने म्हणवून घेतलीत. गोष्ट सांगताना आपण अधिकाऱ्यापाशी थांबतो. तुम्ही चौघांना उतरवून घेतल्याशिवाय थांबला नाहीत.

२००१ सालचा प्रसंग मुलांना सांगावा की नाही, यावर आपलं थोडं वाजलं होतं. अरुण यांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, ऐंशी ओलांडल्यावर आपलं जन्मगाव पाहायला पाकिस्तानात सरगोध्याला गेले. ज्यांनी पाहुणचार केला त्या पाकिस्तानी सैन्यातल्या ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासिर यांनी निघायच्या आधी सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. मला वाटत होतं, मुलांना हे झेपणार नाही. तुमचं म्हणणं, हे वगळलं तर गोष्ट अर्धीच राहील. तुम्ही सांगितलंत. मुलांनी ऐकलं, आणि बराच वेळ प्रश्न विचारले ते त्या दोन म्हाताऱ्या माणसांविषयी. तुमचं बरोबर होतं, काका.

आता पोरांना नगरला जाऊन जतन केलेला 'फामागुस्ता' बघायचा आहे. पालकांची तयारी आहे. तुमच्या गुडघ्यांना प्रवास झेपेल अशा बेताने तारीख ठरवू. सोबत काकूंनाही आणा.

तुमची,
वाचनवर्गाची ताई
दांडिया बाजार, बडोदा