घड्याळाला ताण कळतो, पण कुठला?

प्रति,
संपादक,

रविवारच्या पुरवणीत ताण मोजणाऱ्या स्मार्टवॉचवर पान भरून लेख होता. किंमती, फीचर्स, बॅटरी किती दिवस चालते सगळं होतं, फक्त ते घड्याळ मोजतं काय तेवढं नव्हतं, म्हणून हे पत्र. मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं एका सरकारी हॉस्पिटलात ईसीजी टेक्निशियन होते, रोज तीस-चाळीस पट्ट्या काढायच्या, त्यामुळे ठोके कागदावर कसे दिसतात ते डोळ्यात बसलंय, माझा अधिकार तेवढाच.

माझ्या मुलीच्या कंपनीने (नाव नको, तिची नोकरी आहे अजून) सगळ्यांना असं घड्याळ दिलं. घरी आली की ते माझ्या हातात, मला हौस. २०२४ च्या टी-ट्वेंटी फायनलला शेवटच्या ओव्हरला सूर्यकुमारने बाउंड्रीवर तो कॅच घेतला तेव्हा माझ्या मनगटावर ताण एकदम वर, लाल पट्टी, आणि खाली सल्ला की दीर्घ श्वास घ्या. अहो मी सोफ्यावर बसून आनंदाने ओरडत होते! घड्याळाला एवढंच कळलं की शरीर खवळलंय, कशाने खवळलंय ते त्याला कळायचा प्रश्नच नाही.

आता ते बघतं काय. नाडी मिनिटाला ६० म्हणजे बरोब्बर एकेका सेकंदाने ठोका असं नसतं, एक ०.९४ सेकंदाने येतो तर पुढचा १.०५ ने. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात, ही व्हेगस नर्व्हची (मेंदूतून हृदयाकडे येऊन ठोके हळू करणाऱ्या नसेची) करामत. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर धावतो, लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा, त्यामुळे तरुण पोरांच्या पट्टीत हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. नवीन टेक्निशियन घाबरून यायचे, मॅडम रिदम इर्रेग्युलर आहे, मी म्हणायचे अरे त्याला श्वास धरायला सांग आणि परत काढ, की ठोके एकसारखे. ठोक्यांमधल्या या कमीजास्त अंतरालाच एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात, आणि माणूस दडपणाखाली असला की हे अंतर एकसारखं व्हायला लागतं. घड्याळ ढोबळमानाने त्यावरच आकडा काढतं, पण ईसीजी काढून नाही, हिरवा लाईट मारून कातडीखालच्या रक्ताची लाट बघून. हात हलला, पट्टा सैल झाला, डोंबिवलीहून ८.१७ च्या लोकलला लटकलं की त्या लाटेचं भजं होतं. आणि मधेच एखादा एक्स्ट्रा ठोका पडला (निरोगी माणसालाही पडतात) आणि तो गाळला नाही तर आकडा उगाच फुगतो. आम्ही असा ठोका पट्टीवर पेनने गोल करून ठेवायचो.

युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी १९९६ सालीच नियम घालून दिलेत, मोजायचं तर ५ मिनिटं स्थिर किंवा सरळ २४ तास, आणि कमी वेळाच्या आकड्याची जास्त वेळाच्या आकड्याशी तुलना करायची नाही. त्यात वय वाढलं की एचआरव्ही कमी, रात्री दारू घेतली की कमी, ताप असला की कमी, आडवं असताना वेगळा, उभं असताना वेगळा. मग शेजारच्या टेबलावरच्याचा ६२ आणि माझा २८ यात काय बघायचं, काहीच नाही.

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. समोर कुत्रा आला की येतो तो ताण वेगळा आणि लोणच्यासारखा आत मुरलेला ताण वेगळा. पहिला पकडणं सोपं आहे. १९९३ साली जर्मनीतल्या ट्रियर शहरात एक टेस्ट तयार झाली, माणसाला अनोळखी परीक्षकांपुढे भाषण करायला लावायचं आणि मग १०२२ मधून १३-१३ वजा करत उलटं मोजायला, चुकला की पुन्हा पहिल्यापासून. घाम फुटतो, नाडी पळते, लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं हार्मोन) वाढतं. मनगटावरून ताण ओळखणारे प्रोग्रॅम बरेचसे अशाच प्रसंगांवर शिकवलेले असतात. त्यातला एक खूप वापरला जाणारा डेटा २०१८ चा आहे, त्यात माणसं १५. पंधरा! आणि त्यावरून वर्षानुवर्षं ईएमआय, आजारी सासू आणि नाईट शिफ्ट सांभाळणाऱ्या बाईचा ताण ओळखणार?

मुरलेल्या ताणात उलट कधी कधी काही उसळतच नाही. कॉर्टिसॉलचंच घ्या. ते पहाटे चढतं, उठल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासाने शिखरावर आणि मध्यरात्रीकडे तळाला. खूप दिवसांच्या ताणात ते नेहमी जास्तच सापडतं असं नाही, काही जणांत हा चढउतारच सपाट होतो. म्हणून सकाळी एकदा रक्त देऊन 'कॉर्टिसॉल नॉर्मल' एवढ्यावर निकाल लावता येत नाही. केसांतून मात्र मोजता येतं, केस महिन्याला अंदाजे एक सेंटीमीटर वाढतो, डोक्याच्या मागचा मुळापासून तीन सेंटीमीटर केस म्हणजे गेल्या तीन महिन्यांचा हिशोब. पण ते अजून मुख्यतः संशोधनातच.

माझा स्वतःचा अनुभव सांगते. मिस्टरांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हा मी ४६ ची. अडीच वर्षं ड्युटी आणि घर, घर आणि ड्युटी. दरवर्षी स्टाफ चेकअप व्हायचं आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल, डॉक्टर म्हणायचे तुम्ही एकदम फिट. पण माझ्या जुन्या पट्ट्या माझ्याकडे होत्या (सवय!) एका रविवारी त्या जमिनीवर पसरून बसले. बसल्या जागी नाडी ६८ ची ८२ झालेली, वरचं बीपी ११६ चं १३४, आणि श्वासाबरोबर ठोक्यांचं ते हलणं जवळजवळ गायब. यातलं काही वयाचंही असणार आणि दहा सेकंदांच्या पट्टीवरून फार बोलू नये हे मला माहीत आहे, पण मिस्टर काठी घेऊन चालायला लागले त्याच्या पुढच्या वर्षी नाडी ७२ वर आली, आणि वय तर वाढलंच होतं ना? प्रत्येक आकडा चार्टमधल्या रेंजच्या आत होता. बिघडलं होतं ते माझ्याच आधीच्या आकड्यांच्या मानाने, आणि ते कुणी बघितलंच नाही कारण प्रत्येक वर्षीचा रिपोर्ट सुटा वाचला जातो.

१९९३ साली ब्रूस मॅकएवेन आणि एलियट स्टेलर या संशोधकांनी अमेरिकेत हीच कल्पना मांडली की शरीर सारखं जुळवून घेत राहतं आणि त्याचा बोजा साठत जातो. पुढे तिकडच्या संशोधकांनी तो मोजायला दहा खुणा एकत्र घेतल्या, वरचं-खालचं बीपी, कंबर आणि नितंबाचं प्रमाण, कोलेस्टेरॉलचे दोन आकडे, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि चार हार्मोन. हार्मोन सोडले तर बाकीचं आपल्या गल्लीतल्या लॅबमध्ये होतं. आणि सोबत मानसशास्त्रज्ञ शेल्डन कोहेन यांची १९८३ ची प्रश्नावली, गेल्या महिन्यात किती वेळा हाताबाहेर गेल्यासारखं वाटलं वगैरे, फुकट, पाच मिनिटांची. शरीराचे आकडे आणि प्रश्नावली यांचं अनेकदा जुळत नाही, म्हणून दोन्ही हवेत.

घड्याळ फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. रात्री झोपेतली नाडी आणि एचआरव्ही, रोजचा नाही, आठवड्याची सरासरी आणि ती स्वतःच्याच मागच्या दोन-तीन महिन्यांशी ताडून, एवढं बघितलं तर उपयोग आहे, माझ्या त्या रविवारच्या पट्ट्यांपेक्षा जास्तच. पण मुलीच्या ऑफिसात काय केलंय तर ताणाच्या आकड्याचा लीडरबोर्ड! ज्या टीमचा ताण कमी तिला पॉइंट, पॉइंटवर व्हाउचर. म्हणजे ज्याच्या घरी आजारपण आहे तो खाली, आणि ते मॅनेजरला स्क्रीनवर दिसणार. २०२३ च्या डिजिटल डेटा कायद्यात आरोग्याच्या माहितीला वेगळं संरक्षण नाही आणि नोकरीच्या कारणासाठी मालकाला संमतीशिवायही माहिती वापरायची वाट ठेवलीय, तेव्हा कंपन्यांकडून लेखी घ्यायला हवं की हे ऐच्छिक आहे का, आकडा कोण बघतो, किती दिवस ठेवतात. तुमच्या वार्ताहराने किंमतीच्या तक्त्यात हा एक कॉलम टाकला असता तर बरं झालं असतं.

जाता जाता एक. ताणाच्या अभ्यासाची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात त्या हान्स सेल्ये यांचं १९३६ चं लिखाण 'नेचर' मध्ये छापून आलं ते संपादकांना पत्र म्हणूनच, आणि माझ्या या पत्रापेक्षा बरंच छोटं होतं. तेव्हा कापायचं असेल तर क्रिकेटचं कापा, लीडरबोर्डचं नको. मुलीने वरचे तीन प्रश्न एचआरला मेल केलेत, तीन आठवडे झाले, उत्तर आलं की कळवते.

– एक निवृत्त ईसीजी टेक्निशियन, डोंबिवली (पूर्व)